फाटकाजवळचा कुडा

ज्योत्सनाबाईंच्या अंगणात मेघाने सतरा झाडं लावली होती. मार्च उजाडला तेव्हा त्यांतल्या अकरांच्या काड्या झाल्या होत्या, आणि त्या काड्या जिवंत आहेत हे सगळ्या लेआउटमध्ये एकट्या मेघाला माहीत होतं. ती रोज सकाळी रुचीला कडेवर घेऊन यायची, नखाने एकेका काडीची साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं की पुढच्या काडीकडे जायची. दीड वर्षाची रुची आईचं बघून स्वतःच्या दंडाला नख लावून बघायची.

वरठी स्टेशनच्या मागे शेतं मोडून जो लेआउट पडला, त्यात ज्योत्सनाबाईंचं घर सगळ्यात नवं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या. त्यांना बाग हवी होती आणि ती चारचौघांसारखी नको होती. मेघा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा लिलाधर प्लांटमध्ये, शिफ्टप्रमाणे मोटरसायकलने जाणारा-येणारा. ती स्वतः वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी., लग्नाआधी दोन वर्षं एका रोपवाटिकेत काम केलेली. मग लग्न, मग रुची. गेल्या पावसाळ्यात बोलता बोलता ती म्हणून गेली, काकू, आपल्या इथलीच झाडं लावू या, पाणी कमी लागतं, फुलपाखरं येतात, आणि मांडणी नीट केली तर नर्सरीच्या बागेहून देखणी दिसतात. ती म्हणून गेली आणि बाई हो म्हणून बसल्या.

मग रुची झोपली की मेघा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आखायला बसायची. ती कोंढा गावची, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली. तिला जमीन म्हटली की उतार दिसायचा. घराकडची बाजू उंच, मग गुडघ्याएवढा बांध, मग खोलगट जागा, म्हणजे मोरीचं पाणी उतरत उतरत तिथे थांबेल आणि वाळ्याच्या मुळांना मिळेल. मागे आणि फाटकाच्या डाव्या हाताला निरगुडीची भिंत, बांधावर धायटी, कुंपणावर शतावरी. फाटकाजवळ, जिथे येणाऱ्याची पहिली नजर पडते तिथे, कुडा. पांढऱ्या झुबक्यांचा, दिवस कलला की वास सोडणारा. तो तिच्या सासूने, जिजाने, आंबागडला शेताच्या बांधावरून जुन्या मुळीसकट खणून, ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने आणून दिला होता. सून लोकांच्या अंगणात झाडं लावते याचं जिजाला काही वाटलं नाही. पण कुडा कोणी मुद्दाम लावतं, याचं फार नवल वाटलं.

"हगवनीच्या औषधाले ठेवतेत का बाई ते?" एवढंच तिने विचारलं होतं.

सगळं ठीक होतं, पण जानेवारीत ज्योत्सनाबाईंच्या मुलीचं, प्रेरणाचं, लग्न जमलं. मुलगा नागपूरचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ मेला, याच अंगणात, मांडव टाकून. त्या दिवसापासून बाई बागेकडे पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघायला लागल्या, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांना काड्याच दिसणार होत्या.

"मेघा, हे कधी दिसन?" त्या विचारायच्या.

"चैत्र लागू द्या काकू."

चैत्र लागू द्या, हे तिने इतक्या वेळा सांगितलं की चैत्राचंच तिला टेन्शन आलं. त्यात भंडाऱ्याचे नर्सरीवाले भैय्याजी एकदा येऊन अंगण पावलांनी मोजून गेले. लॉनच्या गुंडाळ्या आणतो, दोन पाम फाटकाशी, कडेने रंगीत पानांच्या कुंड्या. ताई, मला फक्त एक रविवार द्या. बाईंनी मेघापासून काही लपवलं नाही. वीस एप्रिलपर्यंत वाट बघते म्हणाल्या, मग भैय्याजीला बोलावते. लेआउटमधल्या आणखी दोन घरांनी मेघाला बाग करून दे म्हटलं होतं, पण आधी ज्योत्सनाबाईंची कशी होते ते पाहू, असं. म्हणजे इथलं उपटलं गेलं की तिथलं लागणारच नव्हतं. लिलाधर भला माणूस. तो म्हणायचा, लेकराले सांभाळून जमते तेवढं कर. त्यातलं 'जमते तेवढं' मेघाच्या कानात बसलं होतं. हे जमलं नाही तर जमते तेवढं म्हणजे काहीच नाही, असं तिचं तिलाच पटून जाईल आणि मग ती पुन्हा कुणाला काही म्हणून जाणार नाही, याची तिला धास्ती होती.

पाडव्याच्या आधी ज्योत्सनाबाईंनी सुचवलं की निदान नावं तरी लिही. कोणी आलं तर मी सांगणार काय, ही काडी आणि ती काडी? मेघाला पटलं. आंबागडच्या घराचं छप्पर बदललं तेव्हाची जुनी कवेलू, म्हणजे कौलं, पडून होती. तिने ती घासून धुतली, त्यांवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरं काढली. निरगुडी. धायटी. शतावरी. वाळा. फाटकाजवळ जागा मोकळी होती म्हणून तिथे सगळ्यात मोठं कवेलू, दोन विटांच्या आधाराने उभं केलेलं, रस्त्यावरून वाचता येईल असं: कुडा. रुचीने रंगाचं बोट आपल्या नाकाला लावून घेतलं. बाईंनी लांब उभं राहून सगळी नावं वर्गात वाचतात तशी मोठ्याने वाचली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुड्याच्या बुडाशी वाटाण्याची सालं आणि दुधाची रिकामी पिशवी पडलेली होती.

कुत्र्याने आणलं असेल. मेघाने उचललं. तिसऱ्या दिवशी चहाचा गाळ, कांद्याची टरफलं आणि एक गाठ मारलेली पिशवी. कुत्रं गाठ मारत नाही. चौथ्या दिवशी तीन पिशव्या, एकीला एक टेकवून ओळीने ठेवलेल्या, जणू कोणी पूजेची मांडणी करून गेलं होतं. आणि गंमत ही की बाकी सगळं अंगण स्वच्छ. धायटीशी काही नाही, शतावरीशी काही नाही. फाटकाच्या उजव्या बाजूला कुडा, कचरा तिथे. डाव्या बाजूला निरगुडी, तिच्याशी काडीकचरा नाही. कचऱ्याला झाडं ओळखू येतात की काय, असं वाटावं.

ज्याला त्याला ज्याचा त्याचा माणूस दिसायला लागला. लिलाधर म्हणाला, भैय्याजीचं काम असेल, त्याले लॉन टाकायची हाय. ज्योत्सनाबाईंना शेजारच्या भुपेंद्रचा संशय आला, कारण बांधकामाच्या वेळी कुंपणावरून त्यांचं वाजलं होतं. समोरच्या रुखमिणीबाई आपल्या बोगनवेलीखाली उभ्या राहून म्हणाल्या की कोण असणार, मागच्या खोल्यांतले किरायेदार, बिहारकडचे, बाहेरचे लोक, यायले कायची रीत. मेघाचं डोकंच चालेना. तिने फोन करून जिजाला विचारलं की कुड्याच्या मुळाशी काही टाकायची रीत आहे का, नवस, उतारा, असलं काही. जिजाने बराच विचार केला आणि कुड्याची भाजी होते, फुलायची बी होते, शेंगायची बी होते, पण उतारा ऐकला नाही, असं सांगितलं.

आठव्या दिवशी पंचायतीचा कचऱ्याचा ट्रॅक्टर आपण होऊन ज्योत्सनाबाईंच्या फाटकाशी थांबला. ट्रॅक्टरवरचा सुखराम खाली उतरला, पिशव्या ट्रॉलीत टाकल्या आणि बाईंना अदबीने विचारलं, "म्याडम, हा नवा पॉइंट केला का?"

बाई घरात गेल्या, पाणी प्यायल्या, बाहेर आल्या आणि मेघाला फोन लावला. आवाज चढला नव्हता. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला आवाज चढवावा लागत नाही.

"मेघा, माझ्या पोरीचं साक्षगंध आहे. पाहुणे फाटकातून कचरा ओलांडून येतील का? रविवारपर्यंत ती काडी काढ. ती निघाली नाही तर मी वीस तारखेची वाट पाहणार नाही, सगळंच काढायला लावते."

म्हणजे कुडा. बाकीचं राहील, पण कुडा जाईल. मेघाला आधी वाटलं, जाऊ दे, एक झाड. मग कॅलेंडरचं पान काढून बघितलं तर फाटकाजवळचं झाड काढल्यावर उरलेल्या आखणीला अर्थच राहत नव्हता. उतार तिथे येऊन संपत होता, नजर तिथून आत जात होती. आणि असं का होतंय हे कळल्याशिवाय काढलं, तर उद्या कचरा धायटीकडे सरकणार नाही कशावरून?

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती रुचीला घेऊन ज्योत्सनाबाईंच्या फाटकाच्या आत, निरगुडीच्या आडोशाला उभी राहिली. रुचीच्या हातात पोळीचा तुकडा दिला होता, म्हणजे ती गप्प राहील. प्लांटची सकाळची पाळी निघाली, मोटरसायकली गेल्या, सायकली गेल्या. मग मागच्या खोल्यांकडून एक बाई आली. एका हाताला शाळेच्या ड्रेसमधला पोरगा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली. मेघा तिला चेहऱ्याने ओळखत होती. सगळे तिला गोलूची मम्मी म्हणायचे. ती फाटकाशी थांबली, बादलीतली पिशवी काढली, गाठ घट्ट आहे ना ते बघितलं आणि ओळीत नीट ठेवली. चोरून काही करणारा माणूस असा नसतो. ती तर देवाला नारळ ठेवावा तशी ठेवत होती.

मेघा पुढे झाली. भांडायचं म्हणून आली होती, पण तोंडातून निघालं ते साधंच निघालं. "यहाँ काहे डाल रहे हो?"

"तो कहाँ डालें दीदी?" गोलूची मम्मी जराशीही दचकली नाही. "आप ही लोग तो बोर्ड लगाए हैं." आणि तिने कवेलूवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "कू, ड़ा."

मेघाने स्वतःचं अक्षर वाचलं. आधी मराठीत वाचलं. मग गोलूच्या मम्मीसारखं, हिंदीत वाचलं: कचरा. मग पुन्हा मराठीत वाचायला गेली तर येईना. हसू येत होतं की रडू, तेही समजेना, आणि कडेवरची रुची उरलेली पोळी गोलूला दाखवत होती.

गोलूची मम्मी सांगत राहिली. मागे अकरा खोल्या आहेत, ट्रॅक्टर त्या गल्लीत वळत नाही. नाल्यात टाकलं तर हे ओरडतात, मोकळ्या प्लॉटवर टाकलं तर ते ओरडतात. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जागा करून दिली, तीही पाटी लिहून, हिंदीत.

"हम तो सबको बोले, बड़े भले लोग हैं. खुल्ला मत फेंको, गाँठ मार के रखो, उनका घर है."

मेघाने सांगितलं की ते या झाडाचं नाव आहे.

"पेड़ का नाम कूड़ा?" तिने त्या काडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कौन रखा?"

कुणी ठेवलं ते मेघाला कुठे माहीत होतं. आंबागडलाही कुडा, कोंढ्यालाही कुडा, पुस्तकातही कुडा. गोलूची मम्मी वाकली. काडीच्या टोकाला दोन दिवसांपूर्वी फुटलेली दोन पानं होती, त्यांतलं एक तिने चिमटीत धरून मोडलं. पांढरा चीक आला. तिने तो बोटाला लावून बघितला, वास घेतला आणि माहेरचं कुणी भेटल्यासारखा आवाज एकदम खाली आणला.

"ई तो कोरैया है दीदी. हमरे नैहर के पीछे पूरा पहाड़ इसी का है." मग कवेलूकडे बघितलं, आपल्या ओळीने ठेवलेल्या पिशव्यांकडे बघितलं, आणि पदर तोंडाशी धरला. "हम कोरैया पे कूड़ा डाल रहे थे."

तिने पिशव्या बादलीत भरायला घेतल्या. मेघाही वाकली. दोघींनी भरल्या खऱ्या, पण भरून झाल्यावर बादली घेऊन दोघी तशाच उभ्या. आता हे टाकायचं कुठे, याचं उत्तर तर अजूनही नव्हतं. शेवटी मेघाने ट्रॅक्टर येईपर्यंत बादली आपल्याजवळ ठेवून घेतली, गोलूला शाळेला उशीर होत होता म्हणून. सुखराम आला तेव्हा तिने त्याला गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. काल इथे पॉइंट होता, आज तिथे, म्याडम एक काहीतरी ठरवा, म्हणाला. पण थांबला.

ज्योत्सनाबाईंना तिने सगळं खरं खरं सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसून झाल्यावर म्हणाल्या की हसण्यावारी नेऊ नको, मुलाकडचे नागपूरचे आहेत, अर्धी हिंदीच बोलतात. ते फाटकावर काय वाचतील? नाव तरी जाईल, नाहीतर झाड जाईल. रविवार तोच आहे.

आता नाव काय लिहायचं? मेघाने कवेलू पुसलं आणि समोर घेऊन बसली. कुटज लिहिलं. बाई म्हणाल्या, हे दातात अडकल्यासारखं वाटते. इंद्रजव लिहिलं. म्हणाल्या, हे आयुर्वेदिक दुकानात असते. जिजाला फोन केला तर ती चिडली. कुड्याले कुडाच म्हनतेत, आनखी काय म्हनान, तुले तुह्या नावानं नाही तर कोनच्या नावानं हाक मारू? पुसून पुसून कवेलू पांढरट झालं. रुचीला झोप आली होती आणि ती मांडीवर डोकं घासत होती. तेव्हा मेघाने, चार दिवसांपुरतं, दुसरं चांगलं सुचेपर्यंत, लिहून टाकलं: कोरैया.

बाईंनी लांबून वाचलं. दोनदा वाचलं. "हं. हे ऐकायला बरं वाटते," म्हणाल्या.

दुसरं चांगलं सुचलंच नाही. आणि कोरैयाने तर आपलं काम सुरू केलं होतं. आठवडाभरात पानं फुटली, हिरवी, चकचकीत. त्यांच्या पोटातून कळ्यांचे घोस आले. कुड्याबरोबर बाकीच्याही काड्या जाग्या झाल्या, पण लोकांचं लक्ष फाटकाकडेच. मागच्या खोल्यांतल्या बाया संध्याकाळी पाण्याला जाताना थांबायला लागल्या. आधी गोलूची मम्मी एकटी, मग चौघी-पाचजणी. बघायच्या, एखादी कळ्या मोजायची, मग जायच्या. ज्योत्सनाबाईंना पहिल्यांदा वाटलं, पुन्हा काही टाकायला आल्या. मग कळलं की बघायला येतात. एखाद्याच्या बागेला कोणी बघायला येतं, ही गोष्ट बाईंच्या मनात कुठेतरी जाऊन बसली असावी. त्यांनी आपली खुर्ची ओट्यावरून उचलून फाटकाजवळ आणली.

वीस तारखेला भैय्याजी मोजपट्टी घेऊन हजर. कुड्यावर तोपर्यंत पहिले दोन झुबके उमलले होते. त्यांनी झाडाला एक फेरी मारली आणि ओळखलं. "ताई, हे तर जंगली हाय. आमच्या गावाकडे गुरंही तोंड लावत नाहीत याले."

"कोरैया आहे ते," ज्योत्सनाबाई म्हणाल्या. "तुमच्या नर्सरीत आहे का?"

भैय्याजी थबकले. त्यांनी कवेलू वाचलं, झाड बघितलं, पुन्हा कवेलू वाचलं. मेघाला वाटलं, आता हे सांगणार की हा तर कुडा. पण नर्सरीवाल्याला आपल्याकडे नाही असं म्हणणं जड जातं. "सध्या नाही," ते म्हणाले. "मागवून देऊ शकतो." बाई म्हणाल्या, नको, आमची मेघा आहे. मोजपट्टी खिशात गेली.

तर बाग राहिली. आठ मेला मांडव पडला, तो मेघाने खोलगट जागा सोडून टाकायला लावला. संध्याकाळी वारा पडल्यावर कुड्याचा वास फाटकाशी इतका साचला की येणारा प्रत्येक जण क्षणभर तिथेच घुटमळे आणि मागच्याची चप्पल त्याच्या टाचेवर पडे. मुलाच्या आईने तर वाटी-खणाची पिशवी सांभाळत विचारलंच की जाईचं झाड एवढं कुठून आणलं.

"जाई नाही, कोरैया," ज्योत्सनाबाई सांगत होत्या. "बिहारकडचं आहे. इकडे मिळत नाही. आमच्या मेघाला फार लांबून मागवावं लागलं."

मेघा रुचीला घेऊन तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्या जे बोलत होत्या ते खरं मानूनच बोलत होत्या. कुंपणाच्या पलीकडून गोलूची मम्मी मान डोलावत होती, तिच्या दृष्टीने यात खोटं काहीच नव्हतं. मेघाने तोंड मिटलं. मुलाच्या आईने एक रोप मागितलं. मागोमाग रुखमिणीबाईंनी मागितलं, बोगनवेल काढून त्या जागी लावते म्हणाल्या. आणि ज्या दोन घरांनी आधी पाहू म्हटलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी निरोपच पाठवला: बाग कर, पण फाटकाशी ते बिहारचं झाड पाहिजे, इकडचं काही नको.

मेघाने दुपारी जिजाला फोन लावला आणि बांधावरचे पाच-सहा कुडे पावसाळ्यात लागतील असं सांगितलं. कायले, असं विचारल्यावर सगळी हकीकतही सांगितली.

"मंग तू काय सांगतलं त्यायले?" जिजाने विचारलं.

"काही नाही सांगितलं."

"बरं केलं," जिजा म्हणाली. मग म्हणाली, "बरं केलं का वाईट केलं, मले काही समजून नाही राहिलं बाई."

मेघालाही समजत नव्हतं. काम मिळालं होतं, झाडं वाचली होती, तिने कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी आंबागडच्या बांधावरून एस.टी.त बसून आलेल्या त्या झाडाकडे तिला नीट बघवत नव्हतं. नव्या घरांसाठी झाडांची नावं लिहायला तिने वही उघडली. फाटकाजवळ, असं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. रुची मांडीवर चढली, खिडकीतून आलेल्या उन्हाकडे बघत बसली, आणि मग दूर ज्योत्सनाबाईंच्या फाटकाच्या दिशेने हात करून एक नवाच शब्द म्हणाली.

"कुया."

"काय गं, काय म्हणालीस?"

"कुया," रुची म्हणाली. मेघाने वही बाजूला ठेवली, तिला समोर घेतलं, आणखी तीनदा म्हणायला लावलं, कान अगदी तोंडाशी नेऊन ऐकलं. ती कुडा म्हणत होती की कोरैया, ते काही तिला कळलं नाही.